फोन लागला, पण ऐकू आलं का?

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आपल्या गटांचा हंगाम. ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोड आणि राममारुती रोडच्या आसपास राहणाऱ्या घरांना भाजणी, चकली, करंज्या, मसाला, वाडा कोलम असं सगळं घरपोच हवं असतं. माल तयार होतो मुरबाड, शहापूर, वाड्याच्या गावांत. ऑर्डर येते फोनवर. आता बरेच संघ एकच नंबर घेतात आणि तो इंटरनेटवरून चालतो. फोन लावते नौपाड्यातली काकू, उचलते गावातली आपली ताई.

समजा, काकू म्हणाल्या, "साठ करंज्या." मधेच आवाज तुटला आणि ताईला ऐकू आलं, "आठ करंज्या." ताईने वहीत आठ लिहिले. वसुबारसेला डबा पोहोचला तेव्हा घरात पाहुणे, आणि डब्यात आठ करंज्या. काकू चिडणार, पुढच्या वर्षी दुसरीकडून घेणार. गटात ताईला बोल लागणार, "तुझं लक्षच नसतं." खरं तर लक्ष होतं, आवाजच आला नव्हता.

म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे. इंटरनेटवरच्या फोनचा आवाज कशाने बिघडतो, बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं आणि आपल्या हातात काय काय आहे, ते नीट समजून घेऊ. यात इंजिनिअरिंग नाही. घर सांभाळणाऱ्या बाईला समजणार नाही असं यात काही नाही.

हा फोन असतो तरी कुठे?

पूर्वीचा लँडलाइन आठवा. घरातल्या डबड्यापासून तांब्याची तार निघायची ती थेट टेलिफोन एक्स्चेंजला जायची. ठाण्याचा नंबर ०२२ चा, कल्याण-डोंबिवलीचा ०२५१ चा. त्या तारेतून आवाजही यायचा आणि फोन चालायला लागणारी वीजही एक्स्चेंजमधूनच यायची. म्हणून गावात लाइट गेली तरी फोन चालू असायचा.

क्लाउड फोनमध्ये नंबर कुठल्याच डबड्यात नसतो. क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेला मोठा कॉम्प्युटर, जो आपण भाड्याने वापरतो. अशा इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली, महापे भागात अशी पुष्कळ सेंटर्स आहेत. आपला नंबर तिथल्या कॉम्प्युटरवर असतो. फोन आला की तो कॉम्प्युटर उचलतो, "मसाल्यासाठी १ दाबा, तांदळासाठी २ दाबा" असं सांगतो आणि मग आपल्यापैकी एकीकडे फोन वळवतो. पहिली उचलत नसेल तर दुसरीकडे जातो. किती फोन आले, किती सुटले याचा हिशोबही ठेवतो.

इंटरनेटवरून साध्या फोन नंबरवर बोलण्याची सेवा देशातल्या परवानाधारक कंपन्यांसाठी २०१८ मध्ये खुली झाली. बीएसएनएलने त्याच वर्षी 'विंग्स' नावाची अशी सेवा आणली. त्यानंतर छोट्या धंद्यांनाही हे परवडू लागलं.

आता एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हा फोन आपल्यापर्यंत दोन प्रकारे पोहोचतो.

पहिला प्रकार ॲपचा. मोबाइलमध्ये कंपनीचं ॲप असतं आणि आवाज शेवटपर्यंत इंटरनेटवरून येतो. इथे गावातलं इंटरनेट चांगलं लागतं.

दुसरा प्रकार वळवलेल्या फोनचा. कंपनीचा कॉम्प्युटर आपल्या साध्या मोबाइल नंबरवर फोन लावून देतो. इथे गावात इंटरनेट नसलं तरी चालतं, फक्त टॉवरची रेंज लागते. मात्र बऱ्याच योजनांत अशा फोनचे दोन्ही बाजूंचे मिनिट मोजतात. दहा मिनिटं बोललो की वीस मिनिटं कापली, असं होऊ शकतं. घेण्याआधी विचारा.

ज्या गावात डेटा रडतखडत चालतो पण साधा फोन नीट लागतो, तिथे दुसरा प्रकार बरा. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं असेल आणि संघाच्या ऑफिसला त्याची जोडणी मिळत असेल, तर पहिला प्रकार स्वस्त पडतो.

आवाजाचे तुकडे होतात

इंटरनेटवर आवाज सलग जात नाही. आपण बोलतो तेव्हा फोन आवाजाचे बारीक तुकडे करतो. बहुतेक वेळा एका सेकंदाचे ५० तुकडे. प्रत्येक तुकडा आपापला निघतो आणि पलीकडचा फोन ते पुन्हा जुळवून ऐकवतो.

असं समजा, ५० जणींच्या हातात एकेक शब्दाची चिठ्ठी दिली आणि त्यांना कल्याणहून ठाण्याला एकापाठोपाठ पाठवलं. ठाण्याला एक बाई उभी आहे, ती चिठ्ठ्या क्रमाने वाचणार आहे. यात तीन घोटाळे होऊ शकतात.

पहिला, उशीर. सगळ्याच जणी उशिरा पोहोचल्या. चिठ्ठी पूर्ण वाचली जाते, पण वेळ जातो. फोनवर याचं लक्षण असं, की दोघी एकदम बोलतात, मग दोघी एकदम गप्प बसतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन असं आहे, की एका बाजूने आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर बोलणं सहज वाटतं. म्हणजे साधारण सेकंदाचा सातवा भाग. ४०० च्या पुढे गेला तर संवाद फार अवघड होतो.

दुसरा, मागेपुढे होणं. एकीला जलद लोकल मिळाली, दुसरीला धीमी. तिसरी चिठ्ठी आधी आली, दुसरी नंतर. याला तंत्राच्या भाषेत जिटर म्हणतात. पलीकडचा फोन चिठ्ठ्या थोडा वेळ थांबवून धरतो आणि मग ओळीने वाचतो. फारच मागेपुढे झालं की त्याचाही नाइलाज होतो. आवाज यंत्रासारखा, विहिरीतून आल्यासारखा येतो. हा फरक ३० मिलिसेकंदांच्या आत असला की पुरे.

तिसरा, गळती. काही जणी पोहोचल्याच नाहीत. मग त्यांच्याशिवाय वाचलं जातं. "साठ"मधला "सा"चा सुरुवातीचा भाग गेला की "आठ" राहतं. गळती शंभरात एकापेक्षा कमी असावी.

तुम्ही म्हणाल, हरवलेला तुकडा परत का मागवत नाहीत? व्हॉट्सॲपचा फोटो अर्धवट आला तर उरलेला नंतर येतोच की! फोटोला घाई नसते. बोलण्याला असते. भजनात एक टाळ चुकला तर तो दोन ओळींनंतर वाजवून उपयोग नाही. तसंच हे आहे. उशिरा आलेला तुकडा टाकूनच द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट. मुरबाड ते नौपाडा हे अंतर फायबरमधल्या प्रकाशाला काहीच नाही, एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. उशीर होतो तो अंतराने नव्हे, गर्दीने. अपवाद एकच. कंपनीचा कॉम्प्युटर परदेशात असेल तर आपला आवाज आधी तिकडे जातो आणि मग इकडे येतो. अमेरिकेपर्यंत जाऊन येण्यातच पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. म्हणून कंपनीला विचारा, "तुमचा सर्व्हर भारतात आहे ना?"

साठ की आठ, सहा की दहा?

लाइन चांगली असली तरी हे आकडे फोनवर का चुकतात, याला कारण आहे. जुन्या पद्धतीचा फोन माणसाचा पूर्ण आवाज पाठवत नाही. ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच मधला पट्टा पाठवतो. बोलणं कळायला तेवढा पुरतो. पण स, श, फ या अक्षरांचा जो सळसळता भाग असतो, तो बराचसा या पट्ट्याच्या वर राहतो आणि कापला जातो. म्हणून "साठ" आणि "आठ" जवळ येतात.

४जी मोबाइलवरच्या व्होल्टी कॉलमध्ये, म्हणजे डेटाच्याच वाटेने जाणाऱ्या साध्या कॉलमध्ये, आणि चांगल्या ॲपमध्ये हा पट्टा दुपटीने मोठा असतो. म्हणून तिथे आवाज समोर बसल्यासारखा वाटतो. आपल्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये व्होल्टी चालू आहे का ते बघून घ्या. घरात टॉवरची रेंज येत नसेल पण वाय-फाय असेल, तर "वाय-फाय कॉलिंग"ही चालू करा.

लक्षणावरून दुखणं ओळखा

"नेटवर्क खराब आहे" एवढं म्हणून भागत नाही. डॉक्टरकडे गेल्यावर आपण नुसतं "बरं नाही" म्हणतो का? कुठे दुखतं ते सांगतो. तसंच इथे.

१. शब्द गाळले जातात, आवाज तुटतो: गळती आहे. आधी वाय-फाय बघा. राउटर लांब आहे का? त्याच वेळी कोणी व्हिडिओ पाठवतंय का?

२. दोघी एकदम बोलतात: उशीर आहे. लाइनवर गर्दी आहे किंवा सर्व्हर लांब आहे.

३. आवाज यंत्रासारखा येतो: जिटर आहे. बहुतेक वेळा वाय-फायचीच गर्दी.

४. आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतो: बिघाड बहुधा समोरच्या बाजूला आहे. तिकडे स्पीकर मोठा ठेवला आहे आणि त्यातून आलेला आपला आवाज तिकडच्या माइकमध्ये परत जातो आहे. उलट, गिऱ्हाईक म्हणत असेल "मला माझाच आवाज येतोय", तर आपला स्पीकर बंद करा. हे बऱ्याच जणींना उलटं वाटतं, म्हणून नीट लक्षात ठेवा.

५. एकाच बाजूचा आवाज येतो: ॲपला माइकची परवानगी दिली आहे का ते पाहा. दिली असेल तर राउटर आवाज अडवतो आहे.

६. फोन दर वेळी साधारण अर्ध्या मिनिटानेच कटतो: हीसुद्धा राउटरची खूण आहे. बऱ्याच राउटरमध्ये "सिप एएलजी" नावाची सेटिंग असते. मदतीसाठी ठेवलेली, पण पुष्कळदा तीच घोळ घालते. इंटरनेटवाल्या मुलाला सांगा, "ती सेटिंग बंद करून दे."

७. दिवसा चांगला, रात्री सात ते दहा खराब: त्या वेळी सगळं गाव मोबाइल बघत असतं. गर्दी इंटरनेटवाल्याच्या लाइनवर आहे. आपल्या घरात काही बदलून फरक पडणार नाही, त्याच्याकडे तक्रार करा.

८. वेगवेगळ्या गावांतल्या सगळ्याच तायांचा एकाच वेळी बिघडला: क्लाउड कंपनीकडे बिघाड आहे.

९. फोन वाजतच नाही, नंतर मिस कॉल दिसतो: मोबाइलचा बॅटरी सेव्हर ॲपला झोपवतो आहे. सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा.

शोधताना एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर बोलून बघा. मग राउटरजवळ बसून बघा. मग दुसऱ्या मोबाइलवरून बघा. तिन्ही एकदम बदलले तर आवाज सुधारेल कदाचित, पण कशाने सुधारला ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

किती इंटरनेट लागतं?

इथे पुष्कळ जणी फसतात. इंटरनेटवाला म्हणतो, "ताई, १०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, आवाज मस्त येईल." हिशोब आपणच करून बघू.

एका फोनला जाताना आणि येताना प्रत्येकी साधारण १०० केबीपीएस लागतात. १,००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस. म्हणजे पाच जणी एकाच वेळी फोनवर असल्या तरी अर्धा एमबीपीएस पुरतो. तासभर बोलण्याला डेटा जातो साधारण ८० एमबी. एक छोटा सिनेमा पाहण्यापेक्षा कितीतरी कमी.

मग आवाज का तुटतो? कारण प्रश्न रस्ता किती रुंद आहे हा नाही. आपल्या तुकड्यांना वेळेवर वाट मिळते का, हा आहे. आणि विशेष करून जाणारी वाट, म्हणजे अपलोड. बऱ्याच जोडण्यांत येणारी वाट रुंद आणि जाणारी अरुंद असते. एकीने प्रशिक्षणाचा मोठा व्हिडिओ पाठवायला घेतला, की ती वाट भरून जाते. आपले आवाजाचे छोटे तुकडे त्या व्हिडिओच्या मागे रांगेत उभे राहतात. सिलिंडरच्या ट्रकमागे रिक्षा अडकावी तसं.

उपाय तीन आहेत, आणि तिन्ही फुकट आहेत. ऑर्डरच्या वेळेत मोठे व्हिडिओ पाठवायचे नाहीत, ते रात्री पाठवायचे. मोबाइलचा आपोआप होणारा बॅकअप रात्रीवर ठेवायचा. आणि राउटरमध्ये फोनला अग्रक्रम देण्याची सोय असेल तर ती चालू करून घ्यायची. या सोयीला "क्यूओएस" म्हणतात. ॲम्ब्युलन्सला जशी आधी वाट देतात, तसं राउटर आवाजाला आधी सोडतो.

मोजून बघायचं असेल तर मोबाइलवरचं कुठलंही स्पीड टेस्टचं ॲप घ्या. नुसता वेग बघू नका. "पिंग" म्हणजे जाऊन येण्याचा वेळ, "जिटर" म्हणजे मागेपुढे, आणि "लॉस" म्हणजे गळती. सगळी ॲप तिन्ही दाखवत नाहीत, दाखवणारं निवडा. एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठला मोजा. दोन्हींत मोठा फरक असेल तर दुखणं गर्दीचं आहे.

बसायची जागा, तार आणि वीज

राउटर आपण कुठे ठेवतो? बहुतेक घरांत देवळीत नाहीतर लोखंडी कपाटाच्या मागे. लोखंड आणि पत्रा वाय-फायच्या लहरी अडवतात. राउटर उंचावर, मोकळ्या जागी, फोन घेणाऱ्या ताईच्या खोलीतच ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये बसून बाहेरचा टॉवर पकडायचा असेल तर खिडकीजवळ बसा.

वाय-फायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५. २.४ वाला भिंतींतून लांब जातो, पण त्यावर गर्दी फार. नौपाड्यासारख्या ठिकाणी एका इमारतीत वीस-वीस राउटर असतात, सगळे त्याच पट्ट्यावर. तिथे विक्री केंद्र किंवा माल ठेवायची खोली असेल तर ५ वाला वापरा. गावात शेजारी कमी, भिंती जाड, तिथे २.४ वाला चालेल.

सगळ्यात चांगला उपाय जुनाच आहे, तार. संघाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरून फोन घेत असाल तर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल ओढून घ्या. वाय-फायची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. कानालाही तारेचाच हेडफोन लावा, माइकवाला. बिनतारी हेडफोनचा माइक चालू झाला की पुष्कळ वेळा आवाजाचा दर्जा उतरतो. हेडफोन असला की हात मोकळे राहतात, लिहिता येतं आणि गिऱ्हाइकाला घुमल्यासारखा आवाज येत नाही. पंख्याच्या खाली, मसाल्याच्या डंखाच्या आवाजात बसू नका. गिरणी चालू असताना आपण तरी एकमेकींचं ऐकतो का?

आता वीज. तांब्याची तार असताना एक्स्चेंज वीज पाठवायचं. फायबरमध्ये ती येत नाही. लाइट गेली की राउटर बंद, फोन बंद. म्हणून राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस घ्या. काही ठिकाणी फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असतो. तिथे दोन्हींना यूपीएसवरून वीज हवी, नाहीतर एक चालू आणि एक बंद, उपयोग शून्य.

आणि क्लाउड फोनचा खरा फायदा इथेच आहे. कंपनीला सांगून ठेवा, "ऑफिसमधला फोन तीन-चार घंट्यांत उचलला नाही तर दुसऱ्या गावातल्या ताईच्या मोबाइलवर वळवा." मुरबाडला लाइट गेली तरी शहापूरची ताई ऑर्डर घेईल. ही सोय आहे का ते विचारा, आणि महिन्यातून एकदा ऑफिसचा राउटर मुद्दाम बंद करून ती खरंच चालते का ते बघा.

बोलण्याची शिस्त

यंत्र कितीही चांगलं असलं तरी आवाज कधीतरी तुटणारच. पण तुटलेल्या आवाजामुळे ऑर्डर चुकू द्यायची नाही, हे आपल्या हातात आहे.

आकडा दोनदा सांगायचा, दुसऱ्यांदा सुटा करून. "साठ करंज्या, म्हणजे सहा-शून्य, बरोबर ना काकू?" मराठीत सदतीस आणि सदुसष्ट, एकोणतीस आणि एकोणसाठ, सहा आणि दहा हे फोनवर हमखास गोंधळतात. मोबाइल नंबर तर एकेक आकडा सुटाच घ्यायचा.

गिऱ्हाइकाने नव्हे, आपण परत वाचून दाखवायचं. "बरोबर?" एवढंच विचारलं तर समोरची "हो" म्हणून मोकळी होते.

आवाज फारच तुटत असेल तर ओढत बसू नका. "काकू, आवाज तुटतोय, मी दोन मिनिटांत साध्या मोबाइलवरून लावते," असं सांगून लावा. गिऱ्हाइकाला राग फोन तुटल्याचा येत नाही, परत न लावल्याचा येतो.

पीठ मळायला घेण्याआधी ऑर्डर व्हॉट्सॲपवर किंवा एसएमएसवर लिहून पाठवा. वस्तू, नग किंवा वजन, तारीख, पत्ता, रक्कम. "हो" असं उत्तर आलं की मगच चूल पेटवा.

फोन रेकॉर्ड होत असेल तर सुरुवातीलाच तसं सांगा. ते गिऱ्हाइकाचा मान राखणं आहे.

तक्रारीची वही

बचत गटात वहीशिवाय आपण एक रुपया हलवत नाही. फोनचीही एक वही घाला. तारीख, वेळ, फोन कोणी घेतला, ॲपवर की मोबाइलवर, लक्षण काय, आणि आवाजाला गुण, १ ते ५. अजिबात कळलं नाही तर १, समोर बसल्यासारखं तर ५. जगभरात आवाजाचा दर्जा याच १ ते ५ च्या मापाने मोजतात. ट्रायनेही २०१७ मध्ये 'मायकॉल' नावाचं ॲप आणलं, त्यात आपण झालेल्या फोनला तारे द्यायचे.

महिन्याच्या शेवटी वही उघडली की चित्र दिसतं. सगळे १ आणि २ रात्रीचे आहेत का? एकाच ताईचे आहेत का? असले तर तिच्या घराची जागा बदलून बघा, तिच्यावर चिडू नका. ही वही म्हणजे फोन सांभाळणाऱ्या ताईची ढाल आहे. "तुला ऐकू येत नाही का?" याला तिच्याकडे तारीखवार उत्तर असतं.

कंपनीकडे तक्रार करतानाही वहीच कामाला येते. "आवाज खराब आहे" म्हटलं की उत्तर मिळतं, "राउटर बंद करून चालू करा." त्याऐवजी असं सांगा: "अमुक तारखेला, सात वाजून वीस मिनिटांनी, या नंबरवरून आलेला फोन. आमचा आवाज पलीकडे जात होता, पलीकडचा येत नव्हता. आम्ही केबलवर होतो. मोबाइल डेटावरही तसंच झालं." मग त्यांना तो फोन शोधून तपासता येतो. तक्रार क्रमांक घ्यायला विसरू नका, तोही वहीत लिहा.

नंबर कोणाच्या नावावर?

सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात पैशाचं. हा नंबर आपण मसाल्याच्या पाकिटावर छापणार, नौपाड्यातल्या घराघरांत तो चिकटणार. उद्या कंपनी बदलायची झाली, किंवा कंपनी बंद पडली, तर नंबर आपल्याकडे राहणार का? आवाज कितीही खराब असला तरी नंबर अडकला असेल तर आपण कंपनी सोडू शकत नाही. म्हणून करार करण्याआधी हे लिहून घ्या:

नंबर संघाच्या नावावर आहे का, आणि दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो का? वळवलेल्या फोनचे मिनिट एकदा मोजणार की दोनदा? रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि कोणाला ऐकता येतं? मदतीसाठी मराठीत बोलणारं माणूस आहे का, संध्याकाळी आठला मिळेल का? पंधरा दिवस वापरून बघायला देणार का? ही चाचणी आपल्या सगळ्यात खराब रेंजच्या गावात करा. नंबर एखाद्या सभासदाच्या किंवा तिच्या मुलाच्या नावावर घेऊ नका. बैठकीत ठराव करून संघाच्या नावावर घ्या.

दोन धोक्यांच्या गोष्टीही सांगून ठेवते. "तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, ९ दाबा" असा फोन आला तर ठेवून द्या. ट्राय असा फोन कधीच करत नाही. ओटीपी कोणालाही द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. आणि दुसरी, जीवावरचा प्रसंग असेल, घरात मारहाण होत असेल, तर संघाच्या नंबरची किंवा ॲपची वाट बघू नका. साध्या मोबाइलवरून ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा.

पुढच्या बैठकीत

एवढं वाचून विसरून जाऊ नका. पुढच्या मासिक बैठकीत तीन कामं विषयपत्रिकेवर घ्या. एक, प्रत्येक गावातून एकेक ताई संघाच्या नंबरवर फोन लावेल आणि दहा आकडे वाचेल. पलीकडची लिहून घेईल, किती चुकले ते मोजा. दोन, फोनची वही कोण ठेवणार ते ठरवा. तीन, करार बाहेर काढून नंबर कोणाच्या नावावर आहे ते सगळ्यांसमोर वाचा. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे झालं पाहिजे.